बांगड्यांच्या ठरावाशेजारी वारसनोंदीचाही ठराव घ्या : राज्यातील ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामसभेचे सर्व मतदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने एक ठराव केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद व्हाव्यात, असा तो ठराव होता. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस होते. त्याच महिन्याच्या १७ तारखेला ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढले आणि सर्व ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असे आवाहन केले. आपल्यापैकी अनेकांनी तसे केलेही. काही गावांनी विधवा स्त्रियांना हळदीकुंकवाला सन्मानाने बोलावले, काहींनी त्यांच्या हस्ते ध्वजारोहण केले. ज्या स्त्रीला कालपर्यंत मंगलकार्यात मागच्या खोलीत बसवले जात होते, तिला पुढे बोलावणे ही लहान गोष्ट नाही, आणि त्याबद्दल आपले अभिनंदन करायला मी संकोच करणार नाही.

तरीही हे पत्र लिहिण्याचे कारण अभिनंदन हे नाही. विधवेच्या स्थितीचा आपल्याकडचा इतिहास पाहिला, तर तिच्या अंगावरच्या खुणा आणि तिच्या वाट्याची जमीन यांचा संबंध पावलोपावली दिसतो. सुधारकांचे आणि सरकारचे लक्ष बहुतेक वेळा खुणांवर राहिले, जमिनीचा प्रश्न कोणत्या तरी कलमात अडकून पडला, आणि त्यामुळे जे मिळाले ते अर्धेच मिळाले. आपला २०२२ चा ठरावही त्याच वाटेने जाऊ नये, एवढ्यासाठी हा सारा जुना हिशेब मांडते आहे.

धर्मशास्त्रात विधवेविषयी काय म्हटले आहे, या वादात मी फार वेळ घालवणार नाही. तिने कंदमुळांवर देह झिजवावा असे सांगणारे मनुस्मृतीचे वचन आहे, आणि पती नाहीसा झाला, मेला, संन्यासी झाला, षंढ ठरला किंवा पतित झाला तर स्त्रीने दुसरा पती करावा असे सांगणारे पराशरस्मृतीचे वचनही आहे. एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आणि आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनी हे दुसरे वचन पुढे करून मोठमोठे वाद लढवले. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांच्या उपस्थितीत पुनर्विवाहावर जो जाहीर वाद झाला, त्यात दोन्ही बाजूंना शास्त्राधार सापडत होते. माझ्या मते विधवेचे रोजचे आयुष्य वचनांनी जेवढे घडवले, त्याहून अधिक वाटणीच्या नियमांनी घडवले.

हे नियम कुठून आले ते पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य दरबारी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि तिच्या आधारे अगदी १९५६ पर्यंत आपल्या कोर्टांत वारसाहक्काचे निकाल होत राहिले. मूळ स्मृतीत निपुत्रिक पुरुषाच्या वारसांत पत्नीचे नाव सर्वांत आधी घेतलेले आहे. विज्ञानेश्वरानेही पत्नीचा हक्क नाकारणारी मते खोडून काढली. पण हा हक्क त्याने विभक्त झालेल्या पुरुषाच्या पत्नीपुरता ठेवला. कुटुंब एकत्र असेल तर मृताचा हिस्सा भावांकडे जायचा आणि विधवेला फक्त अन्नवस्त्र मिळायचे. शेतकरी, वतनदार, सावकार अशी बहुतेक घरे एकत्रच असत. त्यामुळे नवरा गेला त्या दिवशी ती बाई दिराच्या किंवा सासऱ्याच्या भाकरीवर आली, आणि ती भाकरीही तिच्या शीलावर अवलंबून ठेवली गेली. तिचे पाऊल वाकडे पडले असे ठरले की पोटगीचा हक्कही संपायचा.

केशवपन, लाल अलवण, एकवेळचे जेवण, जमिनीवरचे अंथरूण, शुभकार्यात तोंड न दाखवणे हे सारे या पार्श्वभूमीवर पाहिले की त्याला वेगळाच अर्थ येतो. जिच्या पोटाचा प्रश्न तिच्या वागणुकीवर टांगला होता, तिला आपली वागणूक रोज, सर्वांना दिसेल अशी, अंगावर वागवावी लागत होती. ब्राह्मण आणि तत्सम जातींत हे अधिक कडक होते, याचे एक कारण धर्माचा अभिमान हे असेलच. पण घरात खाणारे तोंड कायमचे राहणार आणि त्याने हिस्सा मात्र मागू नये, ही सोय त्यात होती हेही नाकारता येत नाही.

बंगालचे उदाहरण याहून विदारक आहे. तिथे दायभाग पद्धती चाले आणि तिच्यात निपुत्रिक विधवेला एकत्र कुटुंबातही नवऱ्याचा हिस्सा हयातीपुरता मिळत असे. १८१५ ते १८२८ या काळातल्या सरकारी नोंदींनुसार बंगाल इलाख्यात आठ हजारांहून अधिक स्त्रिया सती गेल्या. या दोन गोष्टींत नेमके किती कार्यकारण होते यावर इतिहासकारांचे एकमत नाही. परंतु राजा राममोहन राय यांनी १८२२ मध्येच स्त्रियांच्या जुन्या वारसाहक्कांवर झालेल्या अतिक्रमणाविषयी लिहिताना सतीचा प्रश्न मालमत्तेशी जोडला होता. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा नियम झाला. चितेवरून उतरलेल्या स्त्रीने पुढे जगायचे कशावर, याविषयी त्या नियमात काही नव्हते.

आपल्याकडे या विषयावर बोलताना जिजाबाई, महाराणी ताराबाई आणि अहिल्याबाई होळकर यांची नावे घेण्याची पद्धत आहे, आणि 'आमच्याकडे विधवांना मान होता' असा त्यातून निष्कर्ष काढला जातो. त्या तिघींचा मान निर्विवाद आहे. फक्त तो कशामुळे टिकला तेही पाहावे. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले, तेव्हा सासरे मल्हारराव यांनी त्यांना सती जाण्यापासून परावृत्त केले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्या वर्षी मुलगा मालेराव गेला, आणि लगेच दरबारातल्या गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवले की बाईंनी एखादे मूल दत्तक घ्यावे आणि कारभार त्याच्या नावाने चालू द्यावा. राघोबादादा फौज घेऊन निघाले. अहिल्याबाईंनी दत्तक नाकारला, दौलत सोडली नाही, लढायची तयारी दाखवली, आणि १७९५ पर्यंत राज्य केले. हा दत्तकाचा सल्ला मला फार बोलका वाटतो, कारण पुढची दीडशे वर्षे लहान-मोठ्या घरांतल्या निपुत्रिक विधवांना तोच सल्ला मिळत राहिला, आणि दत्तकपत्रावर अंगठा उठवला की मिळकत तिच्या हातातून निघून दत्तकाकडे जात राहिली. अहिल्याबाईंच्या हाती दौलत राहिली म्हणून त्या पुण्यश्लोक झाल्या. त्यांची स्वतःची मुलगी मुक्ताबाई मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत सती गेली, आणि थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई १७७२ मध्ये थेऊरला सती गेल्या. सत्ता ज्यांच्या हाती होती त्या स्त्रियाही प्रथेला सर्वस्वी थोपवू शकल्या नाहीत.

बहुजन समाजातल्या स्त्रियांची कथा निराळी होती, आणि 'हिंदू विधवा' असा एकच साचा करून बोलणारे लोक ती विसरतात. कुणबी, माळी, धनगर आणि इतर अनेक जातींत पाट किंवा मोहतूर लावण्याची रीत होती आणि विधवा पुन्हा संसार मांडू शकत होती. पेशवाईत त्यावर पाटदाम नावाचा कर घेतला जाई, म्हणजे सरकारलाही ही गोष्ट नेहमीची आणि उत्पन्नाची वाटत होती. पाटाला लग्नाइतकी प्रतिष्ठा नव्हती, तो रात्री आणि गाजावाजा न करता लागे, आणि पाट लावून गेलेल्या स्त्रीचा पहिल्या घरच्या जमिनीशी संबंध सहसा तुटत असे. पुढे जी घराणी वर चढू लागली त्यांनी उच्च कुळाची खूण म्हणून पाट बंद केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात याची मीमांसा केली आहे. जात म्हणजे आपसातच लग्ने करणारा बंदिस्त गट. अशा गटात नवरा मेल्यावर उरलेल्या स्त्रीचे काय करायचे हा पेच पडतो, आणि सती व सक्तीचे वैधव्य हे त्या पेचातून काढलेले मार्ग आहेत, असे त्यांचे विवेचन आहे. वरच्यांचे अनुकरण करत या प्रथा खाली झिरपल्या, हेही त्यांनी त्यातच सांगितले. ज्या गावांत आज पाटाचा उल्लेखही कमीपणाचा मानला जातो, तिथल्या मंडळींनी आपल्या खापरपणज्यांची लग्ने एकदा तपासून पाहावीत.

आता कायद्याकडे येते. विद्यासागरांच्या प्रयत्नांतून १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. त्या कायद्याचे दुसरे कलम मात्र कुणी शिकवत नाही. पुनर्विवाह केल्यास मृत पतीच्या मालमत्तेतले विधवेचे सर्व हक्क, ती जणू त्याच क्षणी मरण पावली असे समजून, संपुष्टात येतील आणि मालमत्ता पतीच्या पुढच्या वारसांकडे जाईल, असा त्या कलमाचा आशय होता. १८८० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, निकाल दिला, की एकदा वारसाने मिळालेली मालमत्ता विधवेच्या नंतरच्या व्यभिचारामुळे जात नाही. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. चोरून संबंध ठेवणाऱ्या स्त्रीची जमीन शाबूत राहणार होती आणि उजळ माथ्याने लग्न करणारीची जमीन जाणार होती. पुढे असा प्रश्न आला, की ज्या जातींत पाट आधीपासूनच रूढ होता, ज्यांना लग्नासाठी या कायद्याची गरजच नव्हती, त्यांच्या विधवांनाही हे कलम लागू होते का. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने नाही म्हटले. आपल्या मुंबईच्या उच्च न्यायालयाने होय म्हटले. सुधारणेसाठी केलेल्या कायद्याने, सुधारणेची गरज नसलेल्या कुणबिणीचा उरलासुरला दावाही काढून घेतला, असा हा अजब प्रकार होता.

महाराष्ट्रातल्या सुधारकांचे काम या कोंडीत उभे राहिले आणि ते किती मोठे होते याची जाणीव मला आहे. तान्ह्या बाळाच्या हत्येबद्दल एका विधवेला काळ्या पाण्याची शिक्षा झाल्याचे पाहून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत हा अशाच एका विधवेचा. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी बुलढाण्यात बसून 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकातून जो सवाल केला, त्याचे निमित्तही सुरतच्या एका विधवेला अशाच गुन्ह्यात झालेली शिक्षा हेच होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करायचे नाकारले. जगाच्या इतिहासात संप पुष्कळ झाले, पण स्वतःचे उत्पन्न बुडवून दुसऱ्या जातीतल्या स्त्रियांच्या डोक्यावरचे केस वाचवण्यासाठी झालेला संप मला तरी दुसरा ठाऊक नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढले. तिथे शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये लग्न केले, म्हणून त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला, तो पुढे हिंगण्याला गेला.

या साऱ्यांनी विधवेच्या हाती दिले ते शिक्षण. शिक्षिका, परिचारिका, मेट्रन होऊन स्वतःचा पगार मिळवता येईल अशी वाट त्यांनी काढली, कारण सासरच्या मिळकतीची वाट कायद्यानेच बंद केलेली होती. शाहू महाराजांनीही १९१८ मध्ये धाकटे चिरंजीव शिवाजी यांच्या निधनानंतर विधवा सून इंदुमतीदेवी यांना शिकवण्याचा निश्चय दरबारी विरोधाला न जुमानता तडीस नेला. शहरातल्या, लिहित्या जातींतल्या विधवांना याचा मोठा लाभ झाला. जिचे सारे ज्ञान नांगरट, पेरणी, निंदणी आणि गुरांचे होते, त्या शेतकरी विधवेला मात्र हिंगण्याचा काही उपयोग नव्हता. तिला तिचीच जमीन हवी होती.

तो रस्ता फार सावकाश उघडला. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात नेटाने मांडलेल्या विधेयकातून १९३७ चा कायदा झाला आणि विधवेला एकत्र कुटुंबातही नवऱ्याचा हिस्सा मिळू लागला. पण तो हयातीपुरता, विकण्याचा अधिकार नसलेला. त्यातही १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितले, की शेतजमीन हा प्रांतांचा विषय असल्याने तिला हा कायदा लागू नाही. स्वातंत्र्यानंतर हिंदू कोड बिल रखडले, बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, आणि अखेर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलगा, मुलगी आणि मृताची आई यांच्या बरोबरीचा हिस्सा पूर्ण मालकीने दिला. १८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. मुलाच्या विधवेने सासऱ्याच्या मृत्यूपूर्वी पुनर्विवाह केल्यास तिला वारस न मानणारे जे एक कलम नव्या कायद्यात शिल्लक होते, तेही २००५ च्या दुरुस्तीत वगळले गेले. पतीकडून एकदा आलेला वारसा विधवेच्या पुनर्विवाहाने जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

तरीही गावात आजही काय ऐकू येते? 'दुसरं लग्न केलं तर जमीन सोडावी लागते.' पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे आणि केव्हाच रद्द झालेले ते कलम पारावर बसलेल्या माणसांच्या तोंडी अजून लागू आहे, आणि दुर्दैवाने ज्या बाईला ते ऐकवले जाते तीही ते खरे मानते.

प्रत्यक्षात हक्क बुडतो तो बहुधा भांडणाशिवाय, निव्वळ दिरंगाईने. दहाव्याला घाटावर बांगड्यांचा प्रश्न येतो. जमिनीचा विषय तेराव्यानंतर, पाहुणे पांगल्यावर निघतो. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यावी, असे जमीन महसूल संहिता सांगते. ती खबर कोण देते? जो चावडीवर जाऊ शकतो तो, म्हणजे दीर किंवा चुलत सासरा. अर्जात मुलांची नावे येतात आणि आईचे राहून जाते, किंवा तिचे येते आणि काही महिन्यांत हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. जमीन सासऱ्याच्या नावावर असली तर 'त्यांच्या हयातीत कशाची नोंद?' या एका वाक्यावर विषय संपतो. वडिलोपार्जित जमिनीत मयताचा हिस्सा होता आणि त्या हिश्शाची ती वारस आहे, हे तिला सांगणारे कुणी नसते. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील ५०५ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा नवरा कसत असलेल्या जमिनीचा हक्क त्यांतल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांना मिळालेला नव्हता. ज्या घरांच्या दुःखाची सरकारने दखल घेतली, पंचनामे केले, मदतीचे निकष लावले, त्या घरांची ही अवस्था असेल, तर आजाराने किंवा अपघाताने नवरा गमावलेल्या स्त्रीकडे कोण पाहणार?

फेरफार, म्हणजे महसूल दप्तरातली नावाची नोंद, हा मालकीचा निर्णय नव्हे, तो दिवाणी कोर्टाचा विषय आहे, हे मला माहीत आहे. पण पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, ठिबकचे अनुदान या सगळ्यांसाठी सातबारा पाहतात. त्यावर नाव नसलेली बाई स्वतःच्याच शेतात मजूर होऊन राहते. मग तिच्यासाठी संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा दीड हजार रुपये उरतात, आणि तेही वार्षिक २१ हजारांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला जोडल्यावर.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, की हा महसूल खात्याचा विषय आहे, ग्रामपंचायतीचा त्यात काय संबंध? संबंध असा, की गावात कोणती स्त्री विधवा झाली हे सरकारी यंत्रणेत सर्वांत आधी आपल्यालाच कळते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत आपल्या कार्यालयात होते. दाखला आपण देतो आणि त्या दाखल्याशिवाय वारसनोंदीचा अर्ज पुढे सरकत नाही. हा दाखला देतानाच वारसनोंदीचा कोरा अर्ज पत्नीच्या हाती द्यावा, तो भरायला मदत करावी, मृत्यूची लेखी खबर ग्राम महसूल अधिकाऱ्याला पाठवावी, आणि तीन महिन्यांनी त्या घराचा फेरफार झाला का याची चौकशी करावी, एवढे करायला कोणताही नवा कायदा लागत नाही. ठराव लागतो आणि तो आपल्या हाती आहे. आदिवासी गावांत हिंदू वारसा कायदा लागू होत नाही, तिथे रूढी आणि पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, यांचा विचार करून वेगळी मांडणी करावी लागेल, पण मृत्यूनोंदीवरून त्या घरापर्यंत पोहोचणे तिथेही शक्य आहे.

घराच्या बाबतीत तर आपली जबाबदारी थेट आहे. गावठाणातल्या घरांची नमुना ८ ची नोंद आपणच ठेवतो, आणि ती पती-पत्नी दोघांच्या नावे असावी असे परिपत्रक शासनाने २००३ मध्येच काढले आहे. आपल्या गावात अशा नोंदी किती झाल्या ते कृपया एकदा मोजून पाहावे. जमिनीबाबतही आपल्याकडे घरचे उदाहरण आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' या नावाने मोहीम चालवली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या हयातीत बायकोच्या नावे जमीन करून दिली, आणि पुढे १९९२ मध्ये सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची योजना काढली. विधवेच्या हक्काची निम्मी लढाई ती सवाष्ण असतानाच जिंकता येते, हे त्या वेळच्या साध्या शेतकऱ्यांना उमगले होते. आज ती योजना किती जणांना आठवते कोण जाणे.

दुसरा आक्षेप असा येईल, की यामुळे घरे फुटतील. बाईचे नाव लागले म्हणून फुटणारे घर तिचे नाव गाळून टिकवायचे, तर त्या एकोप्याची सगळी किंमत तिच्या एकटीकडून वसूल करायची असे होते. शिवाय नाव लावणे म्हणजे जमीन तोडून देणे नव्हे. एकत्र कसणारे एकत्र कसत राहू शकतात. फरक एवढाच, की विकताना, गहाण टाकताना किंवा वाटणी करताना तिला विचारावे लागेल.

हेरवाडसारख्या ठरावाच्या अंमलबजावणीविषयी एक विनंती जाता जाता करते. कुंकू पुसण्याची सक्ती बंद करताना ते लावण्याची सक्ती सुरू होऊ नये. एखाद्या बाईला नवऱ्यामागे मंगळसूत्र काढून ठेवावेसे वाटेल, एखादीला ते जपावेसे वाटेल. तिच्या गळ्याकडे पाहून गावाने आपला ठराव यशस्वी झाला की नाही हे ठरवू नये. आणि घाटावर बांगड्या फोडायला पुढे होणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना दोष देत बसू नये. त्यांच्याही बांगड्या कुणी तरी अशाच फोडल्या होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी जणींचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. अनेक गावांत ती सह्या गोळा करण्यापुरती होते, या वेळी ती खरोखर घ्यावी. त्या सभेला मागच्या दहा वर्षांची मृत्यूनोंदवही आणि नमुना ८ टेबलावर ठेवावेत, ग्राम महसूल अधिकाऱ्यांना फेरफार नोंदवही घेऊन बोलवावे, आणि दोन्ही दप्तरे ताडून पाहावीत. ज्या स्त्रीचे नाव राहून गेले असेल तिचा अर्ज तिथेच लिहून घ्यावा आणि त्याची पोच त्याच दिवशी तिच्या हातात द्यावी. अर्ज किती आले आणि नोंदी किती झाल्या, हे दोन आकडे पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

कळावे,

आपली नम्र,
ग्रामसभेची एक मतदार